हसू माझं, गाल मशीनमनचे

एके काळी मी घरोघरी फळीवर बसलेली असायचे. हातात कप, वरच्या ओठावर दुधाची मिशी, आणि गाल असे की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच्या आत्ता गालगुच्चा घ्यावा. डोक्यावर कमानीसारखी वळवलेली अक्षरं होती, सशक्त बाळ की सुखी घर, असंच काहीतरी. लहान मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीचा तो डबा. ती कंपनी कधीच बुडाली, डबेही गंजून गेले, आणि आता मी कोणाला सांगितलं की त्या डब्यावरचं मूल म्हणजे मी, तर समोरचा आधी मला खालपासून वरपर्यंत बघतो आणि मग विषय बदलतो. त्याचीही चूक नाही. मी जन्माची काटकुळी. घरात मला सगळे काडी म्हणायचे, आणि म्हातारपणीसुद्धा मी त्या नावाला बट्टा लावलेला नाही.

माझ्या लेकीने ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे, की मी सुरुवात केली की शेवट तीच करून टाकते. म्हणून त्या दिवशी औषधाच्या दुकानात तोंडाला कुलूप लावायचं, असं मी घरूनच ठरवून निघाले होते.

झालं होतं असं, की लेकीचा सकाळी फोन आला. भिंगरीसाठी पावडर घ्यायची आहे, तू नुसती बरोबर ये. आमच्या घरात 'नुसती बरोबर ये'चा अर्थ 'येऊन माझ्या बाजूने मान हलव' असा होतो. भिंगरी म्हणजे माझी नात. दोन वर्षांची झाली, पण पाय म्हणून ठरत नाही. नुसती उभी असली तरी स्वतःभोवती फिरत असते. खाण्याच्या बाबतीत मात्र सगळं चिमणीसारखं. केळ्याचा एक घास, उकडलेल्या बटाट्याची एक फोड, की निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं होतं, की मूल हसतंय, पळतंय, वजन जरा कमी असलं तरी काळजीचं काही नाही, अंगकाठीच बारीक आहे. मग लेकीचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, की अगदीच वाटलं तर दुधातून एखादी पावडर देऊन बघा, आणि दोन-चार नावं लिहून दिली. एवढ्या बोलण्यातलं लेकीने फक्त शेवटचं वाक्य उचललं. त्यातच पाळणाघराच्या दारात कुठल्याशा बाईने सहज विचारलं, की बरं नव्हतं का हिला? झालं, आगीत तेल पडलं.

तेव्हापासून लेकीच्या फोनमध्ये एक आलेख येऊन बसला. त्यात वळण घेत वर चढणारी एक रेघ, आणि रेघेच्या खाली एकटा पडलेला लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे आमची भिंगरी. मध्यंतरी मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा लेक तिला भरवत होती. आधी भिंगरीकडे बघायची, मग फोनकडे, आणि मग चमचा जरा जास्तच भरायची. भिंगरी ताटलीत चमचा वाजला की टेबलाखाली जाऊन बसायला लागली होती.

ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. तसं माझ्याकडे बघितलं गेलं होतं, आणि त्या टेबलाखाली मी आधी बसून आले होते. ह्या मायलेकींचं जेवण आता कायमचं भांडण होऊन बसणार, ही एकच भीती मला लागून राहिली. एकदा सांगायला गेले, तर लेक म्हणाली, "आई, तुला बोलायला काय जातंय? तुला कोणी विचारत नाही, मुलीला उपाशी ठेवतेस का म्हणून." तेही खरंच होतं. उंटावरून शेळ्या हाकायला मला काय झालंय.

दुकानात एक आख्खी भिंत पावडरींची होती. एक उंची वाढवणारी, एक वजन वाढवणारी, एक बुद्धी वाढवणारी, आणि एकीने तर तिन्हींचा विडा उचललेला. चॉकलेटच्या चवीची, व्हॅनिलाच्या चवीची, बदामाची, कसलीच चव नसलेली. लेक एकेक डबा उचलायची, चष्मा कपाळावर सारून मागची बारीक अक्षरं वाचायची, साखरच साखर आहे म्हणून परत ठेवायची, आणि थोड्या वेळाने तोच डबा पुन्हा उचलायची. दुकानदार मोठा धोरणी. तो कुठल्याच डब्याला वाईट म्हणत नव्हता. त्याच्या भाचीला ही लागू पडली होती आणि शेजाऱ्याच्या मुलाला ती. भिंगरीने तेवढ्यात टूथब्रशांच्या फिरत्या स्टँडशी शर्यत लावली होती आणि तीच जिंकत होती.

शेवटी लेक दमली. तूच सांग, म्हणाली.

मी पुढे झाले. बहुतेक डब्यांवर मुलं होती आणि सगळ्या मुलांना गाल होते. डब्यांवरची चित्रं काढणाऱ्याच्या मुलीला, म्हणजे मला, गाल वाचता येतात. हा गाल जन्माचा, हा मागाहून फुगवलेला. ह्या पोराच्या नाकावर उजेड डावीकडून पडलाय आणि गालावर उजवीकडून, म्हणजे गाल दुसरीकडून आणलेला. मला त्या सगळ्या पोरांची दया आली. त्यांची आता लग्नं झाली असतील, टक्कल पडलं असेल, आणि डब्यावर मात्र कप धरून बसलेत. सगळ्यांत खालच्या फळीवर एक साधा डबा होता. त्याच्यावर मूल नव्हतं, नुसती गाय होती.

ही घे, मी म्हणाले. लेकीने कारण विचारलं. मी सांगितलं, की ह्या सगळ्यांत खाऊनपिऊन समाधानी तीच दिसते. लेकीने नाक मुरडलं, पण मागची अक्षरं वाचली. साखर सगळ्यांत कमी निघाली, वयही बरोबर होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या नावांत ते नाव होतं. गाय पिशवीत गेली. मी तोंडाचं कुलूप शाबूत ठेवलं, पण घराकडे चालताना मनाला कुठलं कुलूप.

माझे वडील, आप्पा, पत्र्याचे डबे छापणाऱ्या कारखान्यात चित्रकार होते. तिथे पत्र्याचे मोठे ताव यंत्रातून जायचे, एका वेळी एकच रंग घेऊन. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. प्रत्येक रंगानंतर ताव भट्टीत वाळायला जायचे. त्या भट्टीचा आणि रोगणाचा मिळून एक गरम, गोडसर वास होता; आप्पा घरी आले की आधी तो वास आत यायचा आणि मागून आप्पा. अजूनही कुठे रंगकाम चाललं असलं की मी क्षणभर दाराकडे बघते.

पावडरीची नवी कंपनी निघाली तेव्हा तिच्या मालकांना डब्यावर हसरं मूल हवं होतं. ठरलं होतं कारखान्याच्या मॅनेजरचं मूल, लोण्याच्या गोळ्यासारखं. फोटोच्या दिवशी फोटोवाल्याने दिवा लावला, आणि त्या गोळ्याने जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. माझी आई आप्पांचं जेवण घेऊन आली होती, बरोबर मी, तेव्हा भिंगरीएवढी. मला त्या दिव्याची इतकी मजा वाटली की मी त्याच्याकडे बघून खिदळायलाच लागले. फोटोवाल्याचा जीव मेटाकुटीला आलेला. त्याने माझ्या हातात कप दिला आणि फोटो काढून टाकला.

मालकांना हसू फार आवडलं. बाकीचं नाही आवडलं. ते म्हणाले, हसू झकास आहे, पण ही मुलगी बघून लोक पावडर घेणार नाहीत, वर्गणी काढतील. आप्पांना हुकूम झाला, की हिला गाल द्या.

गाल द्यायचे तर नमुना हवा. मॅनेजरचं मूल आता आप्पांना नुसतं बघूनही भोकाड पसरायचं. मग आप्पांनी कारखान्यात छपाईचं यंत्र चालवणाऱ्या मशीनमनला घरी बोलावून खिडकीशी बसवलं. मशीनमन आडव्या बांध्याचा, प्रेमळ, मिशाळ माणूस. गाल असे गोल, की हसला की डोळे मिटायचे. आप्पांनी मिशा तेवढ्या वगळल्या आणि बाकी सगळं त्याचं घेतलं, मनगटावरच्या वळ्यांसकट. आई शेजारी बसून सूचना करत होती, की अहो, डावा गाल जरा खाली घ्या, खरा वाटत नाहीये. तर असं ते चित्र तयार झालं. हसू माझं, गाल मशीनमनचे आणि देखरेख आईची.

छपाईत रंग सरकला की तो ताव बाद. बाद तावांचे डबे वळवून कामगारांना घरी न्यायला मिळत. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात मी ओळीने उभी होते, पण एकही धड नाही. ओठ हनुवटीवर उतरलेली मी म्हणजे साखर. लाल रंगच न लागलेली हिरवट मी म्हणजे मीठ. दोन नाकांची मी म्हणजे चहा. आई कामाच्या घाईत ओरडायची, की ती दोन नाकांची इकडे दे गं, आणि नवीन आलेला पाहुणा दचकून माझ्याकडे बघायचा.

लेकीला सांगितलेली गोष्ट इथे संपते. सगळे हसतात, आणि मी चहा करायला उठते. पुढचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. आईला नावं ठेवल्यासारखं झालं असतं, आणि ती बिचारी आता उत्तर द्यायला नाही.

पुढचं असं, की लोक घरी यायचे, डबा बघायचे, मला बघायचे आणि म्हणायचे, ही ती? वाटत नाही. आप्पांच्या थोरल्या बहिणीच्या जिभेला हाड नव्हतं. ती एकदा भरल्या घरात म्हणाली, "हिची डब्यावरची बहीण बरी गं. तिला तरी कोणी खायला घालतं." सगळे हसले. आई हसली नाही.

कंपनीने मूल आपलंच म्हणून पावडरीचे डबे घरपोच पाठवायला सुरुवात केलीच होती. ते फळीवर पडून असायचे. त्या दिवसापासून ते उघडायला लागले. चमच्याने झाकण उचकटलं की 'टक्क' असा आवाज व्हायचा, आणि मी टेबलाखाली. आई मला ओढून काढायची, स्टुलावर उभी करायची, हनुवटी वर धरायची. आधी माझ्याकडे बघायची, मग डब्याकडे.

आता ह्याला काय म्हणावं? ते गाल कोणाचे हे तिला पक्कं ठाऊक होतं. गालांचा धनी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडेच चहाला यायचा. डावा गाल तर तिनेच खाली घ्यायला लावलेला. तरी ती मला त्या चित्राशी ताडून बघायची आणि मी कमी पडले की तिचा चेहरा उतरायचा. आई मूर्ख नव्हती आणि वाईट तर मुळीच नव्हती. पण लोकांचं बोलणं एकदा मनाला लागलं की शहाणपण कुठल्या कुठे जातं. चित्र रोज समोर होतं, आणि रोज समोर असतं तेच माणसाला खरं वाटायला लागतं.

दूध घट्ट असायचं, पिठासारखं. नाक दाबलं जायचं. मग मी एक युक्ती काढली. गिळायचंच नाही. दोन्ही गालांत भरून धरायचं, झालं म्हणून मान हलवायची, आणि आईची पाठ वळली की मागच्या दाराच्या कुंडीत सोडून यायचं. आमच्या घरात त्या पावडरीने कोणी गुटगुटीत झालं असेल, तर त्या कुंडीतल्या मुंग्या.

आणि गंमत बघा. दूध गालांत धरलं की मी हुबेहूब डब्यावरच्यासारखी दिसायचे. तेवढ्यापुरता आईचा हात थांबायचा. ती माझ्याकडे बघायची आणि तिचा चेहरा असा काही उजळायचा, की मला ते दूध आणखी थोडा वेळ तसंच धरून ठेवावंसं वाटायचं. तिच्यासाठी. आई माझ्याकडे बघून खूश होते हे मला तेवढ्याच वेळी दिसायचं, मग कसं सोडवणार?

एका सुट्टीच्या दिवशी आप्पा मागच्या दाराशी दाढी करत बसले होते, हे मला दिसलं नाही. मी कुंडीपाशी गेले आणि गाल रिकामे केले. आप्पांनी दाढीच्या टॉवेलाने माझं तोंड पुसलं आणि माझे गाल दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ बघत राहिले. मग उठून आत गेले, फळीवरचे सगळे डबे खाली काढले, जमिनीवर ओळीने मांडले, आणि फोटो दुरुस्त करायचे डिंकाचे रंग घेऊन बसले.

मला त्यांनी समोर बसवलं. एकेका डब्यावरचा मशीनमन त्यांनी पुसून काढला, म्हणजे गालांच्या कडांवर चित्रामागचा निळा रंग वरून चढवत गाल आत घेतले. हनुवटी टोकदार केली. मनगटावरच्या वळ्या घालवून हाडं काढली. आईसारखेच तेही आधी माझ्याकडे बघत होते आणि मग डब्याकडे. पण ते डबा बदलत होते. चहाच्या डब्यावरचं दुसरं नाक त्यांनी तसंच ठेवलं. ते यंत्राचं काम आहे, म्हणाले, माझं नाही.

आई दारात उभी होती. काहीतरी कडाक्याचं बोलणार, असं मला वाटलं. ती डब्यांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि सवयीने म्हणाली, "अहो, डावा गाल आणखी थोडा आत घ्या. तिचा तसा नाहीये." एवढं बोलली आणि तोंड फिरवून आत गेली.

वरून रोगण मारतो, नाहीतर पाण्याने रंग जाईल, असं आप्पा म्हणाले. आईने आतूनच नको म्हणून सांगितलं, खायच्या वस्तूंना वास लागेल. पाणी लागू देणार नाही, म्हणाली. आणि जी बाई पायपुसणंसुद्धा उकळत्या पाण्यात टाकायची, ती त्या डब्यांना जन्मभर कोरडं फडकं लावत राहिली. माझ्यापुढे चमचा घेऊन ती पुन्हा कधी उभी राहिली नाही. कंपनीचे डबे तिने येतील तसे शेजारी वाटून टाकले. आत्याबाई पुन्हा काही बोलली, तेव्हा आईने तिला विचारलं, की तुमच्या घरी आरसा आहे ना?

त्या डब्यांतला एकच उरलाय, चहाचा, दोन नाकांचा. तो माझ्याकडे गॅसच्या वरच्या फळीवर असतो. लेक लहान असताना ओलं फडकं घेऊन त्याच्याजवळ गेली म्हणून तिने माझा धपाटा खाल्लेला आहे. का, ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

माझं घर दुकानाच्या जवळ, म्हणून लेक म्हणाली, इथेच करून बघू. दुपारची वेळ होती, स्वयंपाकघरात छान ऊन आलं होतं. तिने दूध कोमट केलं, मागे लिहिल्याप्रमाणे पावडर मोजली, गुठळ्या मोडल्या. त्याआधी झाकण उघडेना म्हणून मीच तिच्या हातात चमचा दिला होता. 'टक्क' झालं आणि भिंगरी टेबलाखाली. तिला तो आवाज ओळखीचाही नव्हता.

लेकीने तिला गोड बोलून बाहेर काढलं, मांडीवर घेतलं. फोन समोरच होता, ठिपका वर करून. पहिला घोट. दुसरा घोट. भिंगरीने ना तोंड फिरवलं, ना हात झटकला. कप खाली ठेवून लेक माझ्याकडे वळली. "आई, बघ तरी. घेतलं तिने."

मी बघितलं. भिंगरीचे गाल टम्म फुगले होते, ओठ घट्ट मिटलेले, वरच्या ओठावर दुधाची मिशी. आणि लेकीचा चेहरा. त्या चेहऱ्यासाठी मी एके काळी काय काय धरून ठेवलं होतं. इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत बघितली नव्हती, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, राहू दे. एवढं सुख तिला मिळतंय तर मिळू दे. पण भिंगरी फिरत नव्हती. आमची भिंगरी एका जागी बसून आईकडे टक लावून बघत होती, आणि मग तिची नजर हळूच बाल्कनीच्या दाराकडे गेली.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या हनुवटीखाली तळहात धरला. "सोड, बाळा," मी म्हणाले.

तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सोडलं. कोमट दूध माझ्या ओंजळीत आलं. गाल होते तेवढे झाले. मग ती मांडीवरून घसरली आणि फिरत फिरत बाहेरच्या खोलीत गेली.

लेकीचे डोळे भरून आले होते, आणि ती रागावलीय की काय ते मला कळेना. शेवटी तिने विचारलं, "तुला कसं कळलं?"

मी हात धुतले. फडकं नळाखाली धरून पिळलं, फळीवरून चहाचा डबा काढला, आणि दोन्ही तिच्या हातात दिलं. डावा गाल पूस, म्हणाले. ती म्हणाली, की ह्याला ओलं लावायचं नाही ना? तिला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. मी म्हणाले, आज लाव.

तिने भीत भीत फडकं फिरवलं. आधी काहीच झालं नाही. मग निळसर, मळकट पाणी आलं, आणि त्याच्याखालून मशीनमनचा गाल वर आला, गुलाबी, गोल, भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा चकचकीत. ती पुसत होती आणि मी सांगत होते. आत्याबाई, स्टूल, टक्क, कुंडी, मुंग्या, दाढीचा टॉवेल. मुंग्यांपाशी ती हसली आणि तिथेच रडली. आप्पांच्या हाताचं एवढंच काय ते माझ्याकडे उरलं होतं, आणि त्यातलं अर्धं मी माझ्या डोळ्यांसमोर फडक्यात जाऊ दिलं. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

तिने दुसऱ्या गालाकडे फडकं नेलं आणि थांबली. एक गाल फुगलेला, एक बसलेला, मध्ये दोन नाकं. असं ते ध्यान ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, "आजीला कळलं होतं? तू ओतून टाकायचीस ते?"

"न कळायला काय झालं," मी म्हणाले. "कोरडं फडकं उगाच नाही लावलं तिने."

तिने ओलं फडकं बाजूला ठेवलं. दुसरा राहू दे, म्हणाली. मग तिने कुर्त्याची बाही पुढे ओढून डबा टिपून टिपून कोरडा केला, बसलेल्या गालाला न लागेल अशा बेताने. फोन टेबलावर होता, त्याचा उजेड केव्हाच विझला होता. तिने तो उचलला आणि न बघताच पिशवीत टाकला. गाईचा डबाही बरोबर घेतला. भिंगरीने मागितलं तर देईन, म्हणाली. मी मान हलवली, नुसती बरोबर आले होते ना मी.

तेवढ्यात भिंगरी परत आली. हातात अर्धं केळं, सगळी बोटं बरबटलेली. तिला दोन नाकांचा डबा दिसला आणि ती दोन्ही हात पसरून धावली. लेकीने तिला मध्येच धरलं, उचलून कडेवर घेतलं, आणि डब्याजवळ नेऊन बोटभर अंतरावर थांबवलं.

"ह्याला ओला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तुझी आजी आहे ती."